अधिकार व शील
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त पालेगाव येथे भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीचा समारंभ म्हणजे आनंदाचा प्रसंग. अशा दिवशी वक्त्याने गोड बोलावे, जुन्या कार्यकर्त्यांची स्तुती करावी व थोडक्यात आटोपावे अशी रीत आहे, आणि ती रीत वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु आज तुमच्यापुढे उभे राहताना आम्हांस थोडा कडू विषय घ्यावासा वाटला. त्याचे कारण असे की, ह्या महोत्सवाच्या निमित्ताने गेल्या काही महिन्यांत आपल्या धर्मग्रामात पुष्कळ मंडळे स्थापन झाली. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडले गेले. ह्याखेरीज आपल्यांपैकी कित्येकजण गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारी समित्यांवर आहेत, कोणी कामगार संघांत पुढारी आहेत, कोणी कारखान्यात मुकादम आहेत. काल ज्यांच्या हाती काही नव्हते, त्यांच्या हाती आज शिक्का आहे, किल्ली आहे, चार माणसांना कामास लावण्याचा हक्क आहे. तेव्हा अधिकार हाती आला असता माणसाचे शील का ढळते, आणि ते ढळू नये म्हणून काय करावे, ह्या प्रश्नाचा आज एकत्र बसून विचार करणे उचित होईल.

ज्या भूमीवर आपण बसलो आहोत तिने अनेक सत्ता पाहिल्या आहेत. जवळच अंबरनाथला वालधुनीच्या काठी जे प्राचीन शिवालय आहे, त्यातील लेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060, असा काळ दिलेला असून शिलाहार राजा माम्वाणी ह्याचे नाव आहे. त्या राजवंशाचे राज्य लयास जाऊन सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला. देऊळ उभे आहे, सिंहासन मात्र कोठे होते हेही आज सामान्य माणसास ठाऊक नाही. सत्ता क्षणभंगुर आहे हे सांगावयास व्याख्यान नको, हे दगडच सांगतात. आमचा प्रश्न निराळा आहे. सत्ता असेपर्यंत ती धारण करणाऱ्याच्या अंतःकरणात काय घडते, हा तो प्रश्न होय.

ह्याविषयी दोन मते सर्वत्र ऐकू येतात. कोणी म्हणतात, अमका मुळात चांगला होता, खुर्चीने त्याला बिघडविले. दुसरे म्हणतात, तो मुळातच तसा होता, खुर्चीने त्याचे खरे रूप उघडे केले. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. परंतु आमच्या मते अधिकार माणसाच्या हृदयास हात घालण्यापूर्वी त्याच्या कानांस हात घालतो. तो प्रथम माणसाला बहिरा करतो; उरलेले सर्व दोष त्या बहिरेपणातून जन्मास येतात. हे आमचे म्हणणे पटवून देण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच महाराष्ट्रात, एकाच घराण्यात, एकाच काळी असे दोन पुरुष होऊन गेले की ज्यांची तुलना ह्या बाबतीत अत्यंत बोधप्रद आहे. थोरले माधवराव पेशवे आणि त्यांचे चुलते रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, हे ते दोघे.

राघोबादादा हे सामान्य पुरुष नव्हते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पहिल्या बाजीरावाचे ते पुत्र. 1758 साली त्यांनी लाहोर घेतले आणि मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या. आजही आपण कोणाच्या पराक्रमाचे वर्णन करताना त्याने अटकेपार झेंडे लावले असे म्हणतो, ती कीर्ती त्याच स्वारीची आहे. शौर्य होते, धर्माचरण होते, कुळाचा अभिमान होता. 1761 च्या जानेवारीत पानिपतचा घात झाला, जून महिन्यात नानासाहेब पेशवे निवर्तले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांस पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुतण्या लहान म्हणून कारभार चुलत्याच्या हाती आला. येथून पुढची कथा लक्ष देऊन ऐकावी.

पुतण्या मोठा होऊ लागला व स्वतः कारभारात लक्ष घालू लागला, तेव्हा चुलत्यास ते सहन होईना. 1762 च्या अखेरीस दोघांची फौज समोरासमोर आली. घरातील भांडणाने राज्य बुडेल हे ओळखून माधवराव आपण होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाले. आता राघोबादादांस अडविणारा कोणी उरला नाही. त्यांनी त्या मोकळीकीचा उपयोग कसा केला? जुने अधिकारी दूर करून आपल्या मर्जीतले नेमले, आणि ज्यांच्याविषयी मनात अढी होती त्यांचा सूड घेण्यास आरंभ केला. गोपाळराव पटवर्धनांच्या मिरजेवर त्यांनी वेढा घातला. परिणाम असा झाला की, गोपाळरावांसारखा कर्ता सरदार निजामास जाऊन मिळाला, आणि 1763 साली निजामाच्या फौजेने पुणे शहर लुटले व जाळले. पेशव्यांच्या राजधानीवर हा प्रसंग आणणारे मूळ कारण शत्रूच्या घरी नव्हते; एका कारभाऱ्याच्या मनातील अढी, एवढेच ते होते. पुढे त्याच वर्षाच्या ऑगस्टात राक्षसभुवनच्या लढाईत निजामाचा मोड झाला. त्या दिवशी संकटात सापडलेल्या चुलत्याच्या मदतीस धावून जाणारा पुतण्या माधवरावच होता.

आता त्या पुतण्याकडे पाहू. माधवरावही सत्ताधीश होते, तरुण होते, आणि स्वभावाने तापट होते असे इतिहासकार सांगतात. म्हणजे बिघडण्यास लागणारी सामग्री त्यांच्यापाशीही भरपूर होती. परंतु त्यांच्या दरबारी रामशास्त्री प्रभुणे नावाचे न्यायाधीश होते. ग्रँट डफ ह्या इंग्रज इतिहासकाराने 1826 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात त्यांच्याविषयी एक प्रसंग नमूद केला आहे. माधवराव काही काळ जपजाप्याच्या नादी लागले होते. एके दिवशी शास्त्रीबुवा कामानिमित्त वाड्यात गेले, तो पेशवे मौन धरून जपास बसलेले. शास्त्रीबुवा परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी काशीस जाण्याची रजा मागू लागले. पेशव्यांनी कारण विचारले, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की, राज्य करण्याचे काम आपण पत्करले आहे तर प्रजेचे कल्याण हाच आपला जप होय. ते करावयाचे नसेल तर गादी सोडावी आणि आमच्याबरोबर गंगातीरी येऊन खुशाल जप करीत बसावे.

बंधुभगिनींनो, ह्या बोलण्याचे धारिष्ट मनात आणा. ज्याच्या एका शब्दाने नोकरी जाईल, वतन जाईल, अशा धन्यास तोंडावर हे सांगावयाचे! आणि तितकेच कौतुक ते ऐकणाऱ्याचे करा. माधवरावांनी आपली चूक मान्य केली व तो जप सोडून दिला. रामशास्त्र्यांस असे बोलता आले ह्याचेही कारण आहे. घरात एका दिवसास पुरेल त्याहून अधिक ते काही ठेवीत नसत, अशी त्यांची ख्याती होती. ज्याला काही नको असते, त्यालाच खरे बोलणे परवडते.

हाच पेशवा दुसऱ्यांच्या अधिकारावरही डोळा ठेवून होता. त्या काळी अंमलदारांचे सामान गावोगावच्या गरीब कुणब्यांच्या डोक्यावरून फुकट वाहून नेण्याची चाल होती. तिला वेठ म्हणत. माधवरावांनी ती मना केली. तरीही वसईचे सुभेदार विसाजीपंत ह्यांनी आपला मौल्यवान माल वेठीने नेवविला. तेव्हा पेशव्यांनी तो माल जप्त केला आणि शेतीच्या कामातून माणसे ओढून नेल्याबद्दल त्यांजकडून जबर दंडही घेतला. ज्या वसई-साष्टीच्या मुलुखाशी आपल्यांपैकी कित्येक घराण्यांचे नाते आहे, त्याच मुलुखातील रयतेच्या पाठीवरचा भार ह्या हुकमाने उतरला. धनी स्वतः बोलणे ऐकून घेणारा होता, म्हणून कोकणातल्या गरिबाचे गाऱ्हाणेही पुण्याच्या वाड्यापर्यंत पोहोचू शकले.

माधवराव 1772 च्या नोव्हेंबरात थेऊर येथे अल्पवयात वारले. धाकटे बंधू नारायणराव गादीवर बसले. राघोबादादा त्या वेळी नजरकैदेत होते. परंतु अधिकाराची चव एकदा जिभेस लागली होती. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारदी शिरले. अठरा वर्षांचा नारायणराव जीव घेऊन चुलत्याच्या दालनात धावला व त्याच्या गळ्याला त्याने मिठी घातली, आणि तेथेच त्याचा वध झाला. पुतण्यास केवळ धरावे, एवढाच मूळ बेत होता, पुढे हुकमातील एक अक्षर बदलले गेले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती खरी असो वा खोटी असो, तिच्यात एक भयंकर बोध आहे. ज्याने धरण्याचा हुकूम काढला त्याने मारण्याची वाट आधीच उघडून दिली होती. पाप एका अक्षराने वाढले, परंतु आरंभ त्या अक्षराने झाला नव्हता.

आता तेच रामशास्त्री पुन्हा पुढे येतात. राघोबादादा पेशवे झालेले, फौज त्यांच्या हाताखाली, दरबारी माना खाली घालून उभे. तशा वेळी शास्त्रीबुवांनी चौकशी करून त्यांच्यावर दोष ठेवला. ह्यास प्रायश्चित्त काय असे विचारले असता, प्राणाखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असा त्यांनी निर्णय दिला आणि पुणे सोडून ते वाईकडील एका खेड्यात जाऊन राहिले. बोलणारा माणूस तोच होता, शब्दही तितकेच सरळ होते. माधवरावांनी ते ऐकले आणि ते महाराष्ट्राच्या आदरास पात्र झाले. राघोबादादांनी ते ऐकले नाहीत, आणि पुढे काय झाले? कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध कट केला. तेव्हा गादीसाठी ते इंग्रजांकडे गेले, आणि 1775 च्या मार्चमध्ये सुरतेस तह करून त्यांनी साष्टी व वसई देऊ केली. जी वसई त्यांच्या चुलत्याने, चिमाजी आप्पांनी, हजारो माणसांचे रक्त सांडून 1739 साली पोर्तुगीजांकडून घेतली होती, ती त्यांनी आपल्या सहीने देऊन टाकावयास कमी केले नाही. 1783 साली कोपरगाव येथे त्यांचा अंत झाला, तेव्हा हाती ना राज्य होते, ना कीर्ती. अटकेपर्यंत गेलेला पुरुष तो हाच!

पवित्र शास्त्र जाणणाऱ्यांस ह्या दोघांवरून दुसऱ्या दोघांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. शौल राजा निवडला गेला तेव्हा लाजून सामानसुमानात लपून बसला होता. इतका विनयशील तरुण! तोच पुढे दावीदाची स्तुती ऐकून इतका जळफळला की त्याने त्याच्यावर भाला फेकला. दावीद तरी निर्दोष होता काय? त्याने तर परस्त्रीचा अभिलाष धरला व तिच्या पतीस रणात मारविले. परंतु नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची कथा सांगून त्याच्यावर बोट रोखले, तेव्हा दावीदाने नाथानास शिक्षा केली नाही. स्वतःस दोषी ठरविले. पाप दोघांनीही केले. शौलाने सबबी सांगितल्या, दावीदाने कान दिला, एवढेच अंतर; आणि एवढ्यानेच दोघांच्या आयुष्याची दिशा निराळी झाली.

कोणी म्हणेल, राजे आणि पेशवे ह्यांच्या गोष्टी आम्हां गरिबांस काय होत? त्यांनी घाशीराम कोतवालाचे स्मरण करावे. घाशीराम सावळदास हा औरंगाबादकडून आलेला गृहस्थ 1777 साली पुण्याचा कोतवाल झाला. त्याच्यावर नाना फडणिसांचा विश्वास होता. गादी नव्हे, फौज नव्हे. शहराचा बंदोबस्त, बाजार, रात्रीची गस्त, एवढाच त्याचा अधिकार. परंतु चौदा वर्षे तो अधिकार एकाच हाती राहिला. 1791 च्या ऑगस्टात काही तेलंगी ब्राह्मणांस त्याने एका कोंदट जागेत कोंडून ठेवविले आणि त्यांपैकी वीसांहून अधिक माणसे गुदमरून मेली. मानाजी फाकडे ह्या सरदाराने कुलूप फोडविले, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. खवळलेल्या लोकांनी कोतवालास दगडांनी ठेचून मारले. तो न्याय नव्हता; न्यायाची दारे बंद राहिली म्हणजे जो क्रोध रस्त्यावर येतो, तो तो होता. ह्या कथेत घाशीरामाचा दोष उघड आहे. परंतु ज्यांनी त्याला नेमले आणि पुन्हा वळून पाहिले नाही, त्यांच्याकडे दोषाचा काहीच वाटा जात नाही काय? अधिकार लहान असला म्हणजे निर्धास्त असावे, ही समजूत चुकीची आहे. लहान अधिकारावर कोणाचेच लक्ष नसते, म्हणून तो कधीकधी मोठ्या अधिकाराहून अधिक जाचक होतो.

तेव्हा अधिकार माणसास कसा पोखरतो, ह्याचा क्रम ओळखून ठेवावा. आरंभी तो म्हणतो, हे काम माझ्यावर सोपविले आहे. काही दिवसांनी म्हणतो, हे काम माझे आहे. पुढे म्हणतो, माझ्यावाचून हे काम चालणार नाही; आणि अखेरीस, माझ्याविरुद्ध जो बोलतो तो ह्या कामाचाच वैरी आहे, असे तो मानू लागतो. ह्या शेवटच्या पायरीवर आलेला माणूस बहुधा दुष्ट नसतो. त्याला मनापासून वाटत असते की आपण संस्थेसाठी झिजत आहोत. म्हणूनच त्याला सावध करणे कठीण जाते. भोवती हो म्हणणारे जमतात. नाही म्हणणारे प्रथम गप्प बसतात, मग सभेस येईनासे होतात. आणि सभेत सर्वांचे एकमत झाले अशी नोंद इतिवृत्तात होते. ज्या मंडळात कधीच मतभेद होत नाही, तेथे सर्व संत आहेत असे न समजता, तेथे बोलण्याची सोय उरली आहे की नाही हे आधी पाहावे.

आता आमच्या स्वतःच्या पदाविषयी न बोलता बसणे अप्रामाणिकपणाचे होईल. वेदीवरून बोलणाऱ्यास कोणी मध्येच अडवीत नाही, हे आम्ही जाणतो. धर्मगुरू म्हटला की लोक आदराने उठून उभे राहतात. तो आदर पदास आहे हे विसरून तो आपल्या गुणांस आहे असे मानण्याचा मोह धर्मगुरूसही असतोच. लॉर्ड अॅक्टन हे इंग्लंडातील प्रसिद्ध इतिहासकार स्वतः श्रद्धावान कॅथलिक होते. सत्तेचा ओढा माणसास बिघडविण्याकडे असतो, ह्या अर्थाचा त्यांचा विचार जगभर सांगितला जातो. परंतु तो त्यांनी 1887 साली क्रायटन ह्या अँग्लिकन पंथाच्या विद्वानास पाठविलेल्या पत्रात मांडला आणि त्यातील चर्चा पोपांच्या इतिहासाविषयी होती, हे फार थोड्यांस ठाऊक असते. मोठ्या पदावरील माणसास सौम्य मापाने मोजू नये, उलट त्याचे माप अधिक कडक असावे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे ख्रिस्तसभेच्या एका पुत्राने तो इशारा प्रथम आपल्याच घराविषयी दिला.

ख्रिस्तसभेनेही हा धोका ओळखला आहे. 1983 सालच्या कॅनन लॉच्या 537 व्या कलमाप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक मंडळ असलेच पाहिजे, आणि 1287 व्या कलमाप्रमाणे श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांस दिला पाहिजे. पद सोडण्याचे उदाहरणही पोपांनीच घालून दिले आहे. 1294 साली पाचवे सेलेस्टिन आणि 2013 च्या फेब्रुवारीत सोळावे बेनेडिक्ट, ह्या दोघांनी जिवंतपणी आपण होऊन पोपपद सोडले. अधिकार सोडून देता येणे, हीच तो आपल्यावर स्वार झाला नसल्याची सर्वांत मोठी खूण होय.

हा सर्व विचार कागदावरच राहू नये म्हणून चार गोष्टी सुचवितो. पहिली, हिशेब. ह्या ज्युबिलीसाठी जमलेली वर्गणी व झालेला खर्च ह्यांचा तपशील रविवारच्या मिस्सानंतर वाचून दाखविला जाईल व देवळाच्या दाराशी लावला जाईल. तो पाहून कोणासही प्रश्न विचारता येईल, आणि विचारणाऱ्याविषयी कोणी मनात राग धरू नये. दुसरी, मुदत. लागोपाठ दोन वेळा ज्याने पद सांभाळले, त्याने तिसऱ्या वेळी दुसऱ्यास जागा द्यावी. माणूस चांगला आहे म्हणून त्याला आजन्म ठेवणे, ह्यात त्याच्यावर प्रेम नाही. त्याच्या जिवाशी तो खेळ आहे. तिसरी, सभा. तुमच्या गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने 30 सप्टेंबरपूर्वी भरवावी लागते. तेथे जा, हिशेब वाचा, न समजल्यास विचारा. वर्षभर जिन्यात कुरकुर करणे व सभेच्या दिवशी घरी बसणे, हे चांगल्या चेअरमनासही बिघडविण्याचे साधन आहे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. ज्यास अधिकार मिळाला आहे त्याने आपल्याजवळ एक तरी रामशास्त्री ठेवावा. तो बहुधा आपल्या आवडीचा नसेल. त्याचे बोलणे खडबडीत असेल, वेळ चुकीची असेल, कधी त्याचे म्हणणेही चूक असेल. तरी त्याची खुर्ची काढू नये. आणि ज्यांच्याकडे अधिकार नाही त्यांनी असा रामशास्त्री होण्याचे टाळू नये. मात्र त्यासाठी आधी स्वतःची झोळी रिकामी ठेवावी लागते. अध्यक्षाकडून मुलाची शिफारस हवी, वाहनासाठी मोक्याची जागा हवी, आणि त्यास खरेही सांगावयाचे, हे दोन्ही एकत्र घडत नाही.

अधिकार वाईट आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. अधिकाराचा उपयोग माधवरावांनी केला म्हणून वेठ उतरली. आपल्या धर्मग्रामासही काम करणारे, निर्णय घेणारे, पुढे होणारे पुरुष व स्त्रिया हव्यात. प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले ते आपण गुरू नाही म्हणून नव्हे. गुरू कसा असावा हे दाखविण्यासाठी धुतले. तेव्हा ज्यांनी आज पदे स्वीकारली आहेत त्यांनी भिऊन ती सोडू नयेत. निर्भयपणे काम करावे आणि कान उघडे ठेवावेत. पुढच्या ज्युबिलीस आपल्यांपैकी किती जण हयात असतील हे परमेश्वरासच ठाऊक. त्या दिवशी आजच्या मंडळांची आठवण काढताना लोकांनी, ही मंडळी आमचे ऐकून घेत असत, एवढे जरी म्हटले, तरी ह्या महोत्सवाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

परमेश्वर आपणा सर्वांस नम्र हृदय व जागे कान देवो.